जुना काँक्रीट स्केटपार्क: डागडुजी करावी, नवा थर द्यावा की पाडून पुन्हा बांधावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेकडे सुमारे पंधरा वर्षांपूर्वी बांधलेला काँक्रीटचा स्केटपार्क आहे. पाऊस थांबल्यानंतरही बाउलच्या, म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या, तळाशी पाणी साचून राहते, भिंतींवर भेगा दिसू लागल्या आहेत, काही ठिकाणी पृष्ठभागातून रेती सुटते आणि एका बाजूचा कोपिंगचा, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेचा, पाइप हाताने हलतो. ठेकेदाराने संपूर्ण पार्कवर सिमेंटचा पातळ लेप देऊन तो नव्यासारखा करून देण्याचा प्रस्ताव दिला आहे, तर काही सभासदांचा कल सगळे पाडून नव्याने बांधण्याकडे आहे. त्याशिवाय शेजारच्या मोकळ्या जागेत एक नवा भाग जोडण्याचाही विचार आहे.

पातळ लेपाचा प्रस्ताव स्वीकारू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा लेप पहिले काही आठवडे सुंदर दिसतो, परंतु स्केटबोर्डची चाके कठीण आणि लहान असतात. त्यांचा व्यास साधारणपणे ५० ते ५४ मिलिमीटर असतो आणि स्वाराचे सगळे वजन त्या चार चाकांखालच्या नखाएवढ्या जागांवर येते. उन्हाने जुने काँक्रीट आणि नवा लेप वेगवेगळ्या गतीने तापतात, लेपाच्या कडा सुटतात आणि एकदा पापुद्रा निघाला की त्याची धारदार कड चाकाला जागच्या जागी अडवते. म्हणजे जो पृष्ठभाग पूर्वी केवळ खडबडीत होता, तो आता धोकादायक होतो. त्यातच ज्या कारणाने पाणी साचते आणि भेगा पडतात ते कारण लेपाखाली तसेच राहते. पाडण्याचा निर्णयही इतक्यात घेऊ नये, कारण पंधरा वर्षांच्या बाउलमध्ये वरचे काही मिलिमीटर खराब झालेले असले, तरी आतले काँक्रीट पुष्कळदा उत्तम स्थितीत असते. कोणता भाग वाचवण्याजोगा आहे, हे ठोकून, भिजवून आणि मोजून ठरवावे लागते.

तपासणीची सुरुवात हातोडीने करावी. हलक्या हातोडीने सर्व पृष्ठभागावर वीतभर अंतरावर ठोकत जावे. सपाट भागावर जाड साखळी ओढत नेली तरी चालते. घट्ट काँक्रीटचा आवाज टणटणीत येतो, तर जिथे वरचा थर खालच्या थरापासून सुटलेला असतो तिथे तो बदबदीत, पोकळ येतो. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी. नंतर पार्क पाण्याने पूर्ण भिजवावा आणि तो वाळताना पाहत बसावे, कारण सभोवतालचा भाग वाळून फिका पडला तरी भेगांत शिरलेले पाणी काही काळ टिकते आणि एरवी डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही काळ्या रेषांच्या जाळ्यासारख्या उमटतात. त्याच वेळी पाणी कुठे थांबते, त्या डबक्यांच्या कडाही आखून घ्याव्यात. प्रत्येक ठळक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहावी आणि मधल्या भागात तिची रुंदी मोजून ठेवावी. काही महिन्यांनी भेग त्या रेघेच्या पुढे गेली आहे की नाही, यावरून ती चालती आहे की थांबलेली, हे कळते. दुरुस्तीचा सगळा मार्ग या एका उत्तरावर अवलंबून असतो.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा वरचा थर घाईने वाळल्यामुळे पडतात. त्या दिसायला वाईट असल्या तरी चाकाला त्यांचा त्रास होत नाही आणि त्यांना हात न लावणेच बरे. दोन सांध्यांच्या साधारण मध्यावर सरळ गेलेली भेग बहुधा आकुंचनाची असते, म्हणजे मूळ सांधे फार दूर ठेवले गेले होते. भेगेवरून आडवे नख फिरवल्यावर पायरी लागत असेल, तर एक बाजू खचली आहे आणि दोष काँक्रीटमध्ये नसून त्याखालच्या भरावात आहे. भिंतीचा वळणदार भाग, म्हणजे ट्रान्झिशन, जिथे सपाट तळाला मिळतो, नेमक्या त्या रेषेत आडवी भेग असेल तर तिथे दोन दिवसांच्या कामाचा जोड आला असावा किंवा तळ आणि भिंत वेगवेगळ्या प्रमाणात खचत असाव्यात. भेगेसोबत तांबूस डाग असेल आणि ती सळईच्या रेषेत धावत असेल, तर सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो वरच्या काँक्रीटला आतून उचलतो. असा भाग सळईच्या मागपर्यंत उकरून काढल्याशिवाय केलेली कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

तळात साचणाऱ्या पाण्याचे कारण आधी शोधावे, कारण इतर बहुतेक तक्रारींची मुळे तिथे पोहोचतात. निचऱ्याच्या पाइपमध्ये पाने, रेती आणि बाटल्यांची झाकणे अडकली आहेत की पाइपच खचून उलट्या उताराचा झाला आहे, हे आत कॅमेरा सोडून पाहता येते. पाइप मोकळा असूनही पाणी थांबत असेल, तर तळाचा सर्वांत खोल बिंदू जाळीपाशी नाही. काही मिलिमीटरांचा खळगा असेल, तर त्याच्या आणि जाळीच्या मधला उंचवटा हिऱ्याच्या चकतीने घासून वाट करून देता येते. खळगा त्यापेक्षा खोल असेल, तर त्याच जागी दुसरे छिद्र पाडून निचऱ्याची नवी नळी जोडणे हा संपूर्ण तळ उचलण्यापेक्षा शहाणपणाचा उपाय आहे. तळाला सुमारे एक टक्का उतार पुरेसा असतो. तेवढा उतार स्वाराला जाणवत नाही आणि पाण्याला पुरतो. जाळी पृष्ठभागाशी समपातळीत किंवा एक-दोन मिलिमीटर खाली, बोल्टने घट्ट बसवलेली असावी आणि तिच्या फटी चाकाच्या रुंदीपेक्षा बऱ्याच लहान असाव्यात.

बाउलभोवतीच्या डेकचा, म्हणजे वरच्या सपाट भागाचा, उतार बाउलच्या बाहेर असायला हवा. तो आतल्या बाजूस असेल, तर डेकवरचे सगळे पाणी कोपिंगवरून आत येते, वाटेत कोपिंगच्या मागे शिरते आणि आपल्यासोबत माती घेऊन येते. कोपिंग सैल होण्यामागे मला वारंवार हेच आढळले आहे: पाइपला मागे नांगर, म्हणजे त्याला काँक्रीटमध्ये धरून ठेवणाऱ्या सळया, कमी, वेल्डिंग केवळ टिपके मारल्यासारखे आणि पाणी थेट पाइपच्या मागे. अशा पाइपच्या भोवती मसाला कोंबून काही साधत नाही. पाइपच्या मागचे आणि खालचे काँक्रीट दीड-दोनशे मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात करवतीने कापून काढावे, जुन्या सळया मोकळ्या कराव्यात, पाइपला अर्ध्या-पाऊण मीटरवर सळईचे नांगर पूर्ण वेल्डने जोडावेत, ते आतल्या सळयांच्या जाळीला बांधावेत आणि मगच काँक्रीट भरावे. बाहेरून सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचा जाड भिंतीचा पोलादी पाइप यासाठी बहुधा वापरला जातो. तो भिंतीच्या पुढे आणि डेकच्या वर किती डोकावतो, यावर त्याचा सगळा गुण ठरतो. साधारण सहा ते दहा मिलिमीटर डोकावले की बोर्डाचा ट्रक, म्हणजे चाके धरणारा धातूचा भाग, त्यावर ठामपणे टेकतो. त्यापेक्षा कमी असेल तर कड ट्रकला लागतच नाही, आणि फार जास्त असेल तर परत उतरताना मागची चाके त्यात अडकतात. महत्त्वाचे म्हणजे हे अंतर बाउलच्या संपूर्ण परिघावर एकसारखे हवे. स्वार त्याच्याकडे न पाहता पायांनी त्याचा अंदाज घेतो आणि अंतर बदलले की तो अंदाज चुकतो.

पृष्ठभागातून रेती सुटते, त्याचे मूळ बहुधा बांधकामाच्या दिवशीच रुजलेले असते. घोटाई करताना काँक्रीट ओढले जात नाही म्हणून गवंडी वरून पाणी शिंपडतात. त्या पाण्याने वरच्या थरातले सिमेंट पातळ होते आणि तोच थर पुढे भुकटी होऊन निघतो. किंवा घोटाई चांगली होऊनही नंतर पाणी मारण्याचे काम पुरेसे दिवस झालेले नसते. खराबी दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच असेल, तर हिऱ्याच्या चकतीने घासून घट्ट थर उघडा करावा आणि त्यात लिथियम सिलिकेटसारखे आत मुरणारे घट्टकारक द्रव्य मुरवावे. वळणदार भागावर मोठे यंत्र चालत नाही. तिथे लहान यंत्र हातात धरून, सतत हलवत ठेवून काम करावे लागते, नाहीतर वळणात सपाट ठिपके तयार होतात आणि ते चाकाला लगेच जाणवतात. वरून चकचकीत पापुद्रा तयार करणारे ॲक्रिलिकचे लेप मात्र कधीही वापरू नयेत. ते घसरडे असतात आणि दमट दिवशी तर फारच घसरडे होतात.

खड्डे आणि पोकळ भाग दुरुस्त करताना एक नियम मोडू नये: दुरुस्तीची कड शून्य जाडीपर्यंत निमुळती होऊ देऊ नये. भागाभोवती करवतीने निदान १२ मिलिमीटर खोल सरळ काप घ्यावा, आतील सैल काँक्रीट हलक्या हत्यारानेच काढावे, कारण जड ब्रेकरने खालच्या चांगल्या काँक्रीटलाही सूक्ष्म तडे जातात. जागा धुऊन रात्रभर ओली ठेवावी; भरताना आतून ओली पण वरून पाण्याची चमक नसलेली अशी तिची स्थिती असावी. सिमेंटची पातळ स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले सिमेंट, ताठ ब्रशने घासून लावावी आणि ती वाळण्याआधी पॉलिमरयुक्त मसाला दाबून भरावा. निव्वळ सिमेंटचा घट्ट मसाला अधिक मजबूत वाटतो, परंतु तो जास्त आकुंचन पावतो आणि जुन्या काँक्रीटपेक्षा कडक असल्यामुळे कडेला स्वतःभोवतीच भेग पाडतो. दुरुस्तीचा मसाला आजूबाजूच्या काँक्रीटसारखाच वागायला हवा, हे ताकदीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. थांबलेली भेग सुमारे सहा मिलिमीटर रुंद कापून तीत अर्धकडक पॉलियुरिया किंवा इपॉक्सी थोडी वरपर्यंत भरावी आणि घट्ट झाल्यावर पात्याने पृष्ठभागाशी समतल कापावी. चालत्या भेगेत कडक इपॉक्सी भरली, तर शेजारी दुसरी भेग पडते. तिला लवचीक द्रव्यच हवे.

आता नव्या थराचा पर्याय. तपासणीत निम्म्याहून अधिक पृष्ठभाग पोकळ निघाला, पण खालचा भराव स्थिर असेल, तर जुन्या बाउलला फर्मा मानून त्याच्या आत सळयांसह ७५ ते १०० मिलिमीटरचे नवे कवच बांधता येते. याचा भूमितीवर होणारा परिणाम मात्र आधी कागदावर काढून पाहावा. समजा, भिंतीच्या वळणाची त्रिज्या २.१ मीटर आणि उंची १.५ मीटर आहे. अशा भिंतीचा कोपिंगजवळचा कोन क्षितिजाशी सुमारे ७३ अंश असतो. आतून १०० मिलिमीटरचा थर दिल्यावर त्रिज्या २.० मीटर होते आणि कोपिंग वर घेऊन उंची तीच ठेवली, तर कोन ७५ अंशांच्या पुढे जातो. सरळ भिंतीवर हा फरक सरावाने पचतो, परंतु बाउलच्या कोपऱ्यांत आडव्या वळणाची त्रिज्याही तितकीच कमी होते आणि आधीच अरुंद असलेला कोपरा खरोखर अडचणीचा होतो. बाहेर फुगलेल्या भागांवर उलट घडते. तिथे त्रिज्या वाढते आणि धार बोथट होते. म्हणून नवे कवच देताना अरुंद कोपरे आधी तोडून मोकळे करावे लागतात. तळ उंचावल्यामुळे निचऱ्याची जाळी आणि तिची मान वर घ्यावी लागते, हेही अंदाजपत्रकात विसरले जाते.

जुना पार्क पाडण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. इंग्लंडमधील हॉर्नचर्च येथील रोम हा १९७८ सालचा स्केटपार्क २०१४ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत समाविष्ट झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी येथील १९७६ चा स्नेक रन, म्हणजे नागमोडी उतरता मार्ग, आजही वापरात आहे. टॅम्पा शहरातील १९७९ चा ब्रो बाउल अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१३ मध्ये आला, तरी पुढे मूळ बाउल पाडला गेला आणि त्याच उद्यानात दुसरीकडे त्याची प्रतिकृती उभारली गेली. चांगल्या वळणाचे काँक्रीट तीन-चार दशके सहज टिकते, आणि ज्या वळणावर एका गावची मुले शिकली, ते वळण हुबेहूब पुन्हा काढणे अतिशय अवघड असते. पाडणे अटळच असेल, तर निदान प्रत्येक वळणाचे माप फर्म्यावर उतरवून घ्यावे.

नव्या भागाकडे वळू. जमिनीखालचे काम सर्वांत कंटाळवाणे असते आणि तिथेच सर्वाधिक बचत केली जाते. भराव १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत घालून प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर दाबावा. प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता ही किमान अपेक्षा आहे आणि ती प्रत्येक थराला तपासली गेली पाहिजे. फुगणारी चिकणमाती असेल तर ती काढून टाकावी. वर १०० ते १५० मिलिमीटर खडीचा थर असावा. भूजल वर असलेल्या जागी खोल बाउल खणण्याचा मोह टाळावा, कारण रिकाम्या बाउलला खालचे पाणी वर ढकलते. अशा ठिकाणी बाउल जमिनीच्या वर बांधून भोवती भराव घालणे अधिक सुरक्षित ठरते. बाउलच्या तळापेक्षा खाली पाणी नेऊन सोडण्याची जागा उपलब्ध आहे का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशी विचारावा. पंपावर अवलंबून असलेला निचरा पंप बंद पडेपर्यंतच चालतो.

काँक्रीटची जाडी १२५ ते १५० मिलिमीटर, त्यात १० मिलिमीटरच्या सळया दोन्ही दिशांना ३०० मिलिमीटरवर आणि मातीकडील बाजूस निदान ५० ते ७५ मिलिमीटरचे आवरण, अशी रचना साधारण परिस्थितीत पुरेशी असते. अंतिम हिशोब अर्थातच स्थापत्य अभियंत्याचा. अठ्ठावीस दिवसांची ताकद ३० ते ३५ मेगापास्कल आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत ठेवावे. थंड प्रदेशात एक खरी अडचण येते: गोठण्या-वितळण्यापासून बचावासाठी काँक्रीटमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे मिसळावे लागतात, पण असे काँक्रीट पोलादी थापीने खूप घोटले की वरचा थर बंद होतो, हवा आणि पाणी खाली अडकते आणि फोड येतात. कडक घोटलेल्या पृष्ठभागासाठी हवेचे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा संकेत आहे. म्हणून अशा ठिकाणी मिश्रण, घोटाईची वेळ आणि निचरा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

वळणदार भिंतींवर काँक्रीट ओतता येत नाही. ते दाबाच्या हवेने फवारावे लागते, ज्याला शॉटक्रीट म्हणतात. या तंत्राचा जन्म शिकागोत झाला. कार्ल एकली हे प्राण्यांचे देह संग्रहालयासाठी जतन करणारे कारागीर होते आणि त्यांच्या सिमेंट गनला १९११ मध्ये पेटंट मिळाले. त्यांच्या यंत्रात कोरडे मिश्रण नळीतून येई आणि पाणी तोंडाशी मिसळे. स्केटपार्कसाठी आज बहुतेक वेळा आधीच पाणी मिसळलेले ओले मिश्रण वापरतात. नळी धरणारा माणूस हा या कामातला सर्वांत निर्णायक माणूस आहे. नळीचे तोंड पृष्ठभागाशी काटकोनात हवे, सळईच्या मागची जागा आधी भरली गेली पाहिजे आणि काम तळाकडून वर चढत गेले पाहिजे. आपटून उडालेली खडी आणि रेती तळाच्या कोपऱ्यात गोळा होते. तिच्यात सिमेंट जवळजवळ नसते. ती फावड्याने उचलून बाहेर फेकायची असते. घाईत तिच्यावरूनच फवारणी झाली, तर ट्रान्झिशनच्या पायथ्याशी, म्हणजे जिथे स्वाराचा भार सर्वाधिक येतो तिथेच, कमकुवत खिसा राहतो आणि काही वर्षांनी हातोडीखाली तो बदबद वाजू लागतो.

फवारल्यानंतरचे तीन-चार तास बाउलचे भवितव्य ठरवतात. प्लायवुडमधून कापलेले वळणाचे फर्मे ठरावीक अंतरावर उभे असतात. दोन माणसे वक्र पट्टी वरच्या पाइपवर टेकवून, करवत चालवल्यासारखी हलवत खाली ओढतात आणि जादा काँक्रीट कापून काढतात. खळगे लगेच त्याच ताज्या काँक्रीटने भरावे लागतात, कारण अर्ध्या तासाने लावलेला तुकडा खालच्याला धरत नाही. नंतर लाकडी रंधा, मग मॅग्नेशियमचा, मग गोल टोकांची पोलादी थापी. वरचे पाणी स्वतःहून निघून गेल्यावर आणि अंगठा दाबला असता काही मिलिमीटरच रुतेल अशी स्थिती आल्यावर शेवटची घोटाई सुरू करावी. थापी आधी सपाट धरावी आणि काँक्रीट घट्ट होत जाईल तशी कड उचलून अधिक दाबाने चालवावी. थापीच्या आवाजात होणारा बदल अनुभवी गवंड्याला कळतो: सुरुवातीचा ओला, चिकट आवाज जाऊन जवळजवळ धातूसारखी खणखण येऊ लागते, आणि पृष्ठभागावर मंद काळसर चकाकी येते. सावलीतली भिंत आणि उन्हातली भिंत या टप्प्याला एकाच वेळी येत नाहीत, म्हणून एका दिवशी किती भाग फवारायचा हे ट्रकमधल्या काँक्रीटवर ठरवू नये, घोटणाऱ्या हातांच्या संख्येवर ठरवावे.

याच कारणाने मी नेहमी आग्रह धरतो की घोटणाऱ्या चमूत स्वतः स्केटबोर्ड चालवणारी माणसे असावीत. अमेरिकेतील पोर्टलँड शहरातल्या पुलाखालचा बर्नसाइड पार्क १९९० मध्ये स्केटर मंडळींनीच परवानगीची वाट न पाहता बांधायला घेतला, नंतर शहराने तो स्वीकारला, आणि त्या बांधकामात हात तयार झालेल्यांपैकी काही पुढे व्यावसायिक बांधकामात उतरले. वळण कुठे ‘अडखळते’ हे अशा माणसाला मापाच्या आधी पायात जाणवते. नेहमीचा कुशल फरशी करणारा गवंडी सपाटीत निष्णात असतो. दोन वळणे जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे त्याला सोबत लागते. कामापूर्वी ठेकेदाराकडून पूर्ण उंचीचा एक नमुना भाग बांधून घ्यावा, त्यावर स्वारांना बोर्ड चालवू द्यावा आणि तो स्वीकारल्यावरच पुढे जावे, ही अट करारात लिहावी.

घोटाई संपताच ओलावा टिकवण्याचे काम सुरू होते. तासाला प्रत्येक चौरस मीटरमागे एक किलोपेक्षा जास्त पाणी उडत असेल, तर काँक्रीट घट्ट होण्याआधीच भेगा पडण्याचा धोका असतो. कडक ऊन आणि वारा एकत्र आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. वाऱ्याला आडोसा करावा, पहाटे काम सुरू करावे आणि पुढचे सात दिवस पृष्ठभाग अखंड ओला ठेवावा. दिवसातून दोनदा पाणी मारून मध्ये वाळू देणे पुरेसे नाही.

सपाट भागांतील सांधे करवतीने कापावेत. जाडीच्या एक चतुर्थांश खोल, सुमारे तीन मिलिमीटर रुंद, आणि काँक्रीटच्या कडा उखडणार नाहीत इतके ते घट्ट होताच, शक्यतो त्याच दिवशी. उशीर झाला की भेग आपली जागा स्वतःच निवडते. अंतर जाडीच्या २४ ते ३० पट, म्हणजे १५० मिलिमीटरच्या फरशीला साडेतीन ते साडेचार मीटर. गोल कडांचे रुंद सांधे पदपथावर शोभतात, पण ५२ मिलिमीटरच्या चाकाला त्यांचा प्रत्येक वेळी धक्का बसतो. जुना आणि नवा भाग मात्र कधीही घट्ट जोडू नयेत. दोन्ही वेगवेगळे हलणार, हे गृहीत धरून मध्ये मोकळा सांधा ठेवावा, एका बाजूला वंगण लावलेल्या गुळगुळीत सळया आडव्या घालाव्यात, म्हणजे दोन्ही फरशा लांबीत सरकू शकतील पण पातळीत वरखाली होणार नाहीत. हा सांधा सपाट भागावर, वळणाच्या पायथ्यापासून दूर ठेवावा.

देखभालीबद्दल फारसे क्लिष्ट काही नाही, फक्त सातत्य हवे. रोज झाडणे हे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण रेतीचा कण चाकाखाली घसरतोही आणि पृष्ठभाग घासतोही. जाळी प्रत्येक पावसाआधी मोकळी करावी. सावलीतल्या भिंतींवर शेवाळ धरले तर पातळ केलेले ब्लीच आणि मऊ ब्रश वापरावा. अतिदाबाच्या पाण्याने धुतल्यास वरचे सिमेंट निघून जाते आणि खडी उघडी पडते. लेजच्या, म्हणजे बोर्ड घसरवत नेण्याच्या ओट्यांच्या, कडांवर साठलेले मेण तापवून खरवडावे. भित्तिचित्रे डेकच्या मागच्या भिंतींवर अवश्य असावीत, पण चाके चालतात तिथे रंग घसरडा होतो. कोपिंगचे वेल्ड आणि लेजच्या कडेचे लोखंडी कोन महिन्यातून एकदा हाताने चाचपावेत, विशेषतः बीएमएक्स सायकली येत असतील तर, कारण त्यांच्या चाकांच्या आसालगतचे धातूचे खुंटे कडा फार लवकर फोडतात. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी मीठ टाकू नये.

आपल्या पार्कबाबत कामाचा क्रम असा ठेवावा, असे सुचवतो. निचरा आणि डेकचा उतार आधी सुधारावा आणि सैल कोपिंगचा भाग तोवर अडथळे लावून बंद ठेवावा. नव्या भागाचा भराव याच सुमारास घालून दाबून घ्यावा, त्यात पातळी मोजण्याचे खुंट रोवावेत आणि त्याला एक पूर्ण पावसाळा मिळू द्यावा. पाऊस संपल्यावर खुंटांची पातळी आणि जुन्या भिंतींवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुन्हा तपासाव्यात. भेगा रेघांच्या आतच थांबलेल्या असतील, तर खड्डे, भेगा आणि कोपिंग यांची दुरुस्ती पुरेशी आहे. रेघा ओलांडून गेलेल्या भेगांखालचा भराव मात्र उघडून पाहावा लागेल, आणि तेवढाच भाग पाडून नव्याने बांधण्याची निविदा नव्या भागाच्या निविदेसोबत काढावी, म्हणजे फवारणीचे यंत्र आणि घोटणारा चमू एकदाच बोलवावा लागेल.